अर्धा हात कमी

माझी आजी पाणी मोजायची. तुमची आजी काय करायची असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, आणि मग पुढचा अर्धा तास समजावत बसावं लागतं. माझी तक्रार नाही. दुसरं कोणी नीट सांगणारं उरलेलं नाही, आणि आजी स्वतः सांगेल तर चार वाक्यांत संपवेल.

समुद्राला लागूनच, पण मध्ये वाळूचा लांबलचक पट्टा असलेलं असं ते पाणी आहे. पट्ट्याच्या पलीकडे समुद्र आणि त्याच्या लाटा, अलीकडे हे मचूळ, शांत पाणी, किनाऱ्याला धरून चार दिवसांच्या प्रवासाइतकं लांब. शिडाच्या बोटीला असं पाणी म्हणजे चैन. वारा पुरेसा, लाटा नाहीत. खोट एकच, ते उथळ आहे, आणि कुठे उथळ आहे हे दर वर्षी बदलतं. वाळू एका जागी बसत नाही. गेल्या वर्षीचा नकाशा यंदा कपाटात अंथरायच्या लायकीचा. आजी-आजोबा या पाण्यावरून हौशी प्रवाशांना न्यायचे. चार प्रवासी, चार दिवस, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झोप बोटीवर, जेवण बोटीवर. तिसऱ्या दिवशी एखादा तरी प्रवासी विचारायचा, की हे दोघं भांडलेत का हो?

भांडलेले नसायचे. आजोबा मागे सुकाणू धरून बसायचे आणि आजी सगळ्यात पुढच्या टोकावर बांबू घेऊन उभी असायची. बांबूवर दर हाताला रंगाचा पट्टा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तो आजोबांचा हात. बोटीला तरंगायला तीन हात पाणी लागायचं. आजी बांबू खाली सोडायची, तळाला टेकवायची आणि आकडा ओरडायची. "चार!" मग "साडेतीन!" त्या आकड्यावर आजोबा शीड ताणायचे, सैल सोडायचे किंवा बोट वळवायचे. दिवसभरात दोघांमध्ये आकड्यांशिवाय दुसरा शब्द होत नसे. बोटीच्या दोन टोकांवरून प्रेमाच्या गोष्टी ओरडत बसायचं का, असं आजोबा विचारायचे.

आता खरी गोष्ट. आजोबांना जवळच्या वाटेची भारी हाव. वाळूच्या उंचवट्याला वळसा घालायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. उंचवट्याच्या अगदी कडेकडेने बोट काढायची, प्रवाशांना घाम फोडायचा आणि मग मिशीत हसायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आजीने मनाशी ठरवलं, की या माणसाला खरा आकडा सांगायचा नाही. तेव्हापासून ती मोजलेल्यातून अर्धा हात कमी करून सांगायला लागली. पाणी साडेतीन हात असेल तर "तीन!" म्हणायची. ते घाबरून वळवतील, बोट वाचेल. तिने हे त्यांना कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या हंगामात एकदा बोट नांगरून ठेवलेली असताना आजोबांनी सहज बांबू बुडवून पाहिला. आजीने नुकतंच "तीन" सांगितलं होतं तिथे साडेतीन भरलं. दुसऱ्या दिवशी परत पाहिलं, परत तेच.  त्या दिवसापासून आजी सांगेल त्यात ते मनातल्या मनात अर्धा हात मिळवायला लागले. त्यांनीही हे तिला कधी सांगितलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर दोन मुठी होत्या. ती उणे अर्धा, ते अधिक अर्धा, उत्तर बरोबर. अठ्ठावीस वर्षं बोट एकदाही रुतली नाही. त्या पाण्यावरचे बाकीचे बोटवाले हंगामात दोनदा तरी रुतायचे आणि आजोबांना विचारायचे, तुम्हाला जमतं कसं? आजोबा म्हणायचे, "बायकोची नजर." आजी म्हणायची, "ह्यांचा हात." दोघंही मनात स्वतःलाच शाबासकी देत असणार. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून माहीत.

माझी आई त्याच बोटीवर वाढली, मोठी झाली आणि पाण्याचा कंटाळा येऊन शहरात गेली. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मध्येच अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्यांचा धंदा, आणि पाण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. आई-बाबांचं चांगलं चाललं होतं. मी तीन वर्षांची असताना एका दुपारी आई कामावर खुर्चीतून उठली आणि खाली पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

आजी-आजोबा तेव्हा प्रवासी घेऊन पाण्यावर होते. मोबाइल नव्हते त्यांच्याकडे. वाटेत एक उचलायचा पूल लागतो. उंच डोलकाठीची बोट आली की पूलवाला पूल उघडतो. कोणाचा निरोप असला की तो डब्यात चिठ्ठी घालून दोरीने खाली सोडायचा, आणि बोट खालून जाताना पुढे उभी असलेली आजी चिठ्ठी काढून घ्यायची. त्या दिवशीही तिने काढली. उघडली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. बांबू पाण्यात घातला आणि ओरडली, "साडेतीन!"

पुलापासून नांगर टाकायच्या जागेपर्यंत एक तासाची वाट होती, अरुंद आणि वाकडी. तो पूर्ण तास ती आकडे सांगत राहिली, दर वेळी अर्धा हात कमी करून. नांगर पडला, शीड उतरलं, प्रवाशांना चहा दिला, आणि मग ती मागे जाऊन आजोबांना म्हणाली, "पोरगी गेली."

मी मोठी झाल्यावर तिला विचारलं होतं, की एक तास कशी गं बोललीस आकडे? रागानेच विचारलं होतं. माझी आई होती ती.

"पाणी कमी होतं," आजी म्हणाली.

त्यानंतर आजीला काही वाटेनासं झालं. हे शब्द तिचेच. रडू येत नव्हतं. भूक लागायची नाही, पण ताटात वाढलं की जेवायची. भांडी घासायची, शीड शिवायची, दोऱ्या गुंडाळायची, सगळं पहिल्यासारखंच आणि चोख. आजोबा रात्रंदिवस रडायचे आणि ती त्यांच्या हातात रुमाल द्यायची. एकदा चहा ओतताना हातावर उकळतं पाणी सांडलं, तर हात आपोआप मागे आला, पण दुखलं हे तिला फोड आल्यावर कळलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिचं काळीज दगडाचं आहे. बोलायला लोकांचं काय जातं!

दीड महिन्याने बाबांचा फोन आला. त्यांना लांबच्या शहरात काम मिळालं होतं, दोन-दोन पाळ्यांचं. बाबांच्या मागे-पुढे कोणी नव्हतं आणि तीन वर्षांची मुलगी सांभाळायला घरी माणूस हवं. आजोबा एका दमात म्हणाले, "पोरीला आमच्याकडे ठेवा." बाबा म्हणाले, "बोटीवर? पडली बिडली तर?" आजोबा म्हणाले, "तिची आई तिथेच वाढली." त्यावर बाबा म्हणाले, "रविवारी निघतोय. गावच्या धक्क्याजवळून साडेबाराची बस आहे. तुम्ही बोट घेऊन धक्क्यावर या, मी बघतो. बघून ठरवतो."

म्हणजे त्या रविवारी माझं ठरायचं होतं.

दोघांनी पाच दिवसांत बोटीचा कायापालट केला. पुढच्या खोलीतली एक झोपायची फळी कापून बुटकी केली आणि तिला कठडा लावला. बोटीच्या सगळ्या कडेने कमरेइतकी उंच जाळी बांधली, इतकी दाट की तिच्यातून मांजरसुद्धा जाऊ नये. आजीने जुन्या शिडाच्या कापडाचं माझ्या मापाचं तरंगतं जाकीट शिवलं. माप कुठून आणलं? तर अंदाजाने. ते जाकीट मी पुढे पाहिलंय. बरोबर माझ्या मापाचं होतं. ते शिवताना आजीला आनंद झाला होता का, वाईट वाटलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "टाके सरळ यायला हवे होते."

रविवारी पहाटेच निघाले. बोटीवर प्रवासी नव्हते, फक्त दोघं. आजोबा सुकाणूवर बसून बाबांशी काय बोलायचं त्याची घोकंपट्टी करत होते. जाळी दाखवायची, जाकीट दाखवायचं, आणि अठ्ठावीस वर्षांत ही बोट एकदाही रुतलेली नाही हे सांगायचं. हे शेवटी सांगायचं, म्हणजे लक्षात राहील. आठच्या सुमारास वारा पडला. दोन तास शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत राहिलं. वारा परत आला तेव्हा ओहोटी लागली होती.

अकरा वाजता गाव दिसलं. गावासमोर वाळूचा एक मोठा उंचवटा आहे, पाण्याखालचा. त्याला लांबून वळसा घातला तर धक्क्यावर पोचायला एक वाजणार, म्हणजे बस गेलेली. उंचवट्यावरून सरळ गेलं तर अर्ध्या तासात धक्का. पाणी उतरत होतं, पण अजून होतं. आजोबांनी विचारलंसुद्धा नाही. बोटीचं तोंड सरळ गावाकडे केलं आणि शीड पूर्ण ताणलं.

आजीने बांबू टाकला. सव्वातीन भरलं. नेहमीच्या हिशोबाने तिने "पावणेतीन" म्हणायला हवं होतं. पण पावणेतीन म्हटलं तर हे वळवतील, बस चुकेल, पोरगी जाईल. अठ्ठावीस वर्षं मी अर्धा हात हाताशी राखून ठेवला, आज राखायला वेळ नाही, आज खरं सांगायचं, असं तिने ठरवलं. जिथे खरंच कमी पडेल तिथे खरंच कळेल आणि हे वेळीच वळवतील. विचार अगदी बरोबर होता. मी आजवर कितीदा तपासून पाहिलाय, त्यात चूक सापडत नाही.

"सव्वातीन!" ती ओरडली. मागे आजोबांनी अर्धा मिळवला. पावणेचार, म्हणजे भरपूर. शीड तसंच ठेवलं.

"तीन!" आजीला वाटलं आता वेग कमी करतील. आजोबांच्या डोक्यात साडेतीन होते.

"पावणेतीन! अहो, पावणेतीन!" आजोबांच्या डोक्यात सव्वातीन. तिचा सूर वेगळा आहे हे कळलं, पण त्यांना वाटलं, पोरीसाठी उतावीळ झालीय.

"अडीच!" म्हणेपर्यंत बोट भरल्या वाऱ्याने वाळूवर चढली होती. आजी पुढे उभी होती ती जाळीवर आपटली. जाळी तुटली नाही. पक्की बांधली होती.

भरती असती तर तासाभरात सुटले असते. ओहोटी होती. दर मिनिटाला पाणी कमी होत होतं आणि बोट एका बाजूला कलत होती. आजोबांनी मागे नांगर टाकून ओढून पाहिलं, बांबू लावून ढकलून पाहिलं, शीड उलटं भरून पाहिलं. पावणेबाराला बोट पूर्ण आडवी झाली, डोलकाठी चिखलाला टेकायला आलेली. धक्का तिथून नजरेच्या टप्प्यात. म्हणजे हाक ऐकू यायची नाही, पण माणसं स्पष्ट दिसायची. धक्क्यावर बाबा उभे होते. त्यांच्या कडेवर मी.

मध्ये उरलं होतं ते ना धड पाणी ना धड जमीन. छोटी होडी वल्हवायला पाणी नाही, चालायला तळ नाही. आजोबा तरी उतरले. चार पावलांत छातीपर्यंत गेले. आजीने दोरी टाकली आणि डोलकाठीला वेढा देऊन त्यांना एकटीने बाहेर ओढलं. वर आल्यावर ते चिखलाने माखलेले तिरक्या बोटीवर बसले आणि धापा टाकत म्हणाले,

"किती होतं गं?"

"सांगितलं तेवढंच."

"सांगितलं तेवढंच कसं? अर्धा कमी करून सांगतेस ना तू?"

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"दुसऱ्या हंगामापासून," आजोबा म्हणाले. "मी अर्धा मिळवायचो."

दोघांना सगळं कळायला किती वेळ लागला असेल? मला वाटतं, लागलाच नसेल. आजोबा तोंडात मारल्यासारखे बसले. आजी म्हणाली, "आज मी कमी केलं नव्हतं." भांडायला कोणाची बाजू चुकलेलीच नव्हती. अठ्ठावीस वर्षं दोघांनी एकमेकांची काळजी घेतली होती, ती अशी अंगाशी आली.

धक्क्यावर मी टाळ्या वाजवत होते म्हणे. आडवी पडलेली बोट बघून मला फार मजा वाटली. माणसं चिखलात कशी पडतात ते बघून मी खदखदून हसले, हेही बाबांनीच सांगितलंय. लोकांना अडकलेल्या जागेतून काढणारा माणूस तिथे उभा राहून पाहत होता आणि काही करू शकत नव्हता. सव्वाबारा वाजता त्यांनी एक हात वर केला. आजोबांनी दोन्ही हात वर केले. बाबा वळले आणि बसकडे गेले.

पुढे फोन झाला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मी पाहिलं. आता राहू द्या." आजोबांनी हट्ट केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते? पाठ केलेलं शेवटचं वाक्य आता म्हणता येत नव्हतं.

मी बाबांकडे वाढले. शेजारणी, पाळणाघर, शाळा, किल्ली गळ्यात. बाबांनी काही कमी केलं नाही, पण त्यांना वेणी घालता यायची नाही आणि गप्पा मारता यायच्या नाहीत. सुट्टीत पंधरा दिवस मी बोटीवर जायचे. आजोबांनी त्या रविवारनंतर खोली मोजायचं यंत्र बसवून घेतलं होतं. सुकाणूसमोर आकडा दिसायचा. आजीला काम उरलं नाही, तरी ती पुढे जाऊन उभी राहायची. यंत्र मुकं होतं. आता खरंच बोटीवर दिवसभर एक शब्द होत नसे. मी मधल्या जागेत बसून दोन्हीकडे बघायचे आणि मला दोघांचाही राग यायचा. भांडा तरी, असं वाटायचं.

आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात मला एकदा म्हणाले, "तुझा बाप ठेवणार नव्हताच. मला त्याच्या आवाजावरून कळलं होतं. बोट रुतली हे निमित्त." ते असं म्हणाल्यावर मला बरं वाटलं. मागच्या वर्षी मी बाबांना विचारलं. बाबा टीव्ही बघत होते. आवाज बंद केला आणि म्हणाले, "ठेवणारच होतो. आदल्या रात्रीच ठरवलं होतं. बोट बघायची म्हणून सांगितलं, ते आपलं सासऱ्यासमोर." मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. आजीला हे सांगायचं नाही, हे मात्र तेव्हाच पक्कं केलं.

आजी आता दोरखंडाच्या दुकानावर दोन खोल्यांत राहते. बोट विकली. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि परवा सुट्टीत गेले तेव्हा अक्षरांचा तक्ता बरोबर घेऊन गेले, कारण ती सुईत दोरा ओवताना चाचपडते असं शेजारीण म्हणाली होती. दोन खोल्यांत तक्त्याला लागणारं सहा मीटर अंतर मिळेना. शेवटी तिला ओट्याला टेकून उभं केलं आणि तक्ता जिन्याच्या दारावर टांगला. जवळचं गेलंय, चष्मा लागेल. पण लांबचं! शेवटची ओळ तिने एका डोळ्याने वाचली. शिवाय तक्ता छापणाऱ्याचं नाव वाचलं, ते मलाही तिथून दिसत नव्हतं.

"आजी, पंचविशीतल्या पोरांची अशी नजर नसते," मी म्हणाले.

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "त्या दिवशी मी खरं सांगायला नको होतं."

पंचवीस वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. मी तक्त्याची गुंडाळी करत होते, ती करतच राहिले. "उगाच मनाला लावून घेऊ नकोस," मी म्हणाले. "बाबा तसेही मला ठेवणार नव्हते. त्यांनी आधीच ठरवलं होतं. मी विचारलंय त्यांना."

"गादी आणली होती त्याने," आजी म्हणाली.

"कसली गादी?"

"तुझी. छोटी. निळ्या पट्ट्यांची, दोरीने बांधलेली. त्याची बॅग बसच्या बाजूला ठेवली होती आणि गादी धक्क्याच्या कडेला, पाण्याच्या बाजूला. पोरीला घेऊन बसने निघालेला माणूस तिची गादी पाण्याच्या कडेला कशाला ठेवेल? जाताना ती उचलायला परत आला तो."

 ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. आवाज चढला नाही की कापला नाही.

"आजोबांना?"

"ह्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं. चिखल गेला होता डोळ्यांत. मी सांगितलं नाही. एका घरात एकाला माहीत असलं की पुरे."

मी तिच्या पायांशी बसले आणि रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरीसारखी. आजीने रुमाल शोधला, माझ्या हातात दिला आणि चहाचं आधण ठेवायला उठली.